कमला सोहोनींनी प्रयोगशाळेत नेमकं काय केलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाला महाविद्यालयात डॉ. कमला सोहोनींवर पंधरा मिनिटं बोलायचं आहे. जिथे वाचावं तिथे नोबेल विजेते सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, त्यांनी सत्याग्रह केला, मग त्या विज्ञानातल्या पहिल्या भारतीय महिला पीएचडी झाल्या, एवढंच सापडतं. त्यांनी संशोधन कशावर केलं, ते महत्त्वाचं होतं का, ‘पहिल्या’ हे कितपत खरं, आणि रामन परिणामाच्या दिवशीच रामन यांच्याबद्दल असं बोलावं का, हे तुम्ही विचारलं आहे.

मी जैवरसायनशास्त्र शिकवण्यात आणि प्रथिनं, एन्झाइमं यांवर काम करण्यात आयुष्य घालवलं आहे, तेही मुंबईत. त्यामुळे कमलाबाईंचं नाव माझ्यासाठी आधी शोधनिबंधांच्या यादीत आलं आणि प्रवेश नाकारल्याची गोष्ट नंतर कळली. कदाचित म्हणूनच मला वाटतं की तुमची खरी अडचण माहिती कमी असण्याची नाही. एका दारापाशी घडलेला प्रसंग इतका गाजला की त्या दारातून आत गेल्यावर त्यांनी पुढची तीसेक वर्षं काय केलं, हे कुणी विचारतच नाही. आणि माहिती न सापडण्याचं एक साधं कारणही आहे. १९४७ साली त्यांचं लग्न झालं. त्याआधीचे निबंध ‘भागवत’ या नावाने आहेत, नंतरचे बहुतेक ‘सोहोनी’ या नावाने. एकाच नावाने शोधलंत तर अर्धी कारकीर्द गायब होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून शोधताना दोन्ही नावं वापरा.

आधी पार्श्वभूमी, पटकन. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या ज्या संस्थेला लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत (आजची भारतीय विज्ञान संस्था) तिथे शिकलेले. मोठी बहीण दुर्गाबाई भागवत. होय, त्याच दुर्गाबाई, ज्यांनी १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला. एका घरातल्या दोन मुली अशा निघाल्या, यावर कुणीतरी सवडीने लिहायला हवं. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी केली, मुख्य विषय रसायनशास्त्र. वडील-काकांच्याच संस्थेत जायचं हे त्यांच्या मनात पक्कं होतं. प्रवेश नाकारल्याचा प्रसंग तिथला. त्याकडे मी शेवटी येतो.

बंगळूरला त्यांना मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. इथे त्यांनी हाती घेतलेला विषय पाहा: डाळी-कडधान्यांतला ‘प्रथिनेतर नायट्रोजन’. नाव रुक्ष वाटतं, पण प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि तुमच्या भाषणात पाच मिनिटं त्याला द्यावीत असं मला वाटतं.

अन्नात प्रथिन किती, हे आपण बहुतेक वेळा सरळ मोजत नाही. केल्डाल पद्धतीने त्या पदार्थातला एकूण नायट्रोजन मोजतो आणि त्याला ६.२५ ने गुणतो, कारण प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. डाळीत २० ते २५ टक्के प्रथिनं असतात, असे जे आकडे तुम्ही पाकिटावर वाचता, ते या हिशोबातून येतात. पण या हिशोबात एक गृहीतक दडलेलं आहे: सगळा नायट्रोजन प्रथिनातलाच आहे. तसं नसतं. बियांमध्ये सुटी अमिनो आम्लं असतात, अमाइडं असतात, इतरही लहान रेणू असतात. त्यांच्यातला नायट्रोजन तुम्ही प्रथिनात धरलात तर आकडा फुगतो. ज्या देशातल्या बहुसंख्य लोकांच्या ताटातलं प्रथिन डाळीतूनच येतं, तिथे हा फरक साधा नाही. या कामावरचा कमलाबाईंचा आणि श्रीनिवासय्यांचा निबंध १९३५ साली इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये आला. १९३६ साली त्यांना संशोधनावर एमएस्सी मिळाली. दुधातल्या प्रथिनांवरही त्यांनी तिथेच काम केलं.

डाळीत प्रथिन किती आहे हा एक प्रश्न झाला. त्यातलं माणसाच्या अंगी किती लागतं, हा दुसरा. कमलाबाईंची जवळजवळ सगळी कारकीर्द या दुसऱ्या प्रश्नाकडे जाणारी आहे, असं माझं मत आहे. मी हे मत त्यांच्या निबंधांच्या विषयांवरून बांधतो, त्यांनी स्वतः असं कुठे म्हटलं आहे असा माझा दावा नाही. भाषणात हे सूत्र वापरलंत तर तेवढं सांगून वापरा.

मध्ये केंब्रिज येतं, आणि ते या सूत्रात बसत नाही. बसवायचा आटापिटाही करू नका. १९३७ साली त्या तिथे गेल्या आणि न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात राहिल्या. सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची जैवरसायनाची प्रयोगशाळा तेव्हा जगातल्या उत्तम प्रयोगशाळांपैकी एक होती. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी हॉपकिन्सना १९२९ चं नोबेल मिळालेलं होतं. त्यांच्या हाताखाली स्त्रियांना काम करायला वाव होता, हे त्या काळात सहज दिसणारं नव्हतं. मार्जरी स्टिफन्सन, डोरोथी नीडहॅम या तिथल्याच. स्टिफन्सन पुढे १९४५ साली रॉयल सोसायटीच्या पहिल्या दोन महिला सदस्यांपैकी एक झाल्या.

पण याच केंब्रिजबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती तुमच्या भाषणाचा तोल सांभाळेल. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना १९४८ पर्यंत पुरुषांच्या बरोबरीने पदवी दिली नाही. त्याआधी स्त्रियांना मिळायची ती पदवीची नुसती उपाधी, विद्यापीठाचं सदस्यत्व नाही. म्हणजे १९३९ साली कमलाबाईंना पीएचडी मिळाली तेव्हा ती ज्या विद्यापीठाने दिली, ते स्वतः स्त्रियांना पूर्ण दारात घेत नव्हतं. बंगळूर मागासलेलं आणि केंब्रिज उदार, अशी सोपी मांडणी करण्याचा मोह होतो. ती चुकीची आहे. उदार होती ती हॉपकिन्सची प्रयोगशाळा.

तिथे त्या आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम करत होत्या, मग रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या. हिल म्हणजे तुमच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातल्या ‘हिल अभिक्रिये’चे हिल. हरितलवकं पेशीबाहेर काढून, प्रकाशात ठेवून, त्यांच्यातून ऑक्सिजन निघतो हे त्यांनी याच सुमारास दाखवलं. कमलाबाईंचं काम मात्र प्रकाशसंश्लेषणावर नव्हतं, वनस्पतींच्या श्वसनावर होतं.

इथे एक दुरुस्ती. अनेक ठिकाणी ‘कमला सोहोनींनी सायटोक्रोम सी या एन्झाइमचा शोध लावला’ असं लिहिलेलं आढळतं. हे वाक्य तुम्ही उचलू नका. सायटोक्रोमांचा शोध डेव्हिड केलिन यांचा, १९२५ चा, तोही केंब्रिजमध्येच. कीटकांच्या पंखांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये त्यांनी वर्णपटदर्शकातून काळ्या पट्ट्या पाहिल्या. हवा मिळाली की त्या पट्ट्या नाहीशा होत आणि हवा तोडली की परत दिसत. म्हणजे हे रंगद्रव्य श्वसनात भाग घेत होतं. शिवाय सायटोक्रोम सी हे एन्झाइम नाही. ते इलेक्ट्रॉन वाहून नेणारं प्रथिन आहे. आग विझवताना माणसं ओळीत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. सायटोक्रोम सी त्या ओळीतला शेवटून दुसरा. त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते ऑक्सिजनला देणारा, ओळीतला शेवटचा, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज. तो मात्र एन्झाइम आहे.

मग कमलाबाईंनी काय दाखवलं? प्राण्यांत आणि यीस्टमध्ये ही ओळ मान्य झाली होती. वनस्पतींबद्दल शंका होती, आणि ती रास्त होती. बटाटा कापून ठेवला की काळा पडतो ना, ते काम पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइमचं. वनस्पतींच्या ऊतींत ते भरपूर असतं आणि तेही ऑक्सिजन वापरतं. त्यामुळे वनस्पतींचं श्वसन शेवटी या काळं पाडणाऱ्या एन्झाइममधून जातं, की प्राण्यांसारखं सायटोक्रोम ऑक्सिडेजमधून, हा वादाचा विषय होता. बटाट्यावर काम केलेला कुणीही तुम्हाला सांगेल की तो वाटला की लगद्यात आतल्या गोष्टी एकमेकींत मिसळतात, फिनॉलं ऑक्सिडाइझ होतात, आणि तुम्हाला हवं ते नाजूक प्रथिन खराब होतं. अशा लगद्यातून सायटोक्रोम ऑक्सिडेजची क्रिया वेगळी दाखवणं हे चिकाटीचं आणि हातातल्या कसबाचं काम आहे. हिल आणि भागवत यांचा सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा निबंध १९३९ साली ‘नेचर’मध्ये आला. सविस्तर निबंध १९५१ साली ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये आला, तोही भागवत याच नावाने.

याचं महत्त्व एका वाक्यात सांगायचं तर, श्वसनाची ही शेवटची पायरी प्राणी, यीस्ट आणि फुलझाडं या सगळ्यांत एकच आहे, हे चित्र पक्कं व्हायला या कामाने हातभार लावला. ‘हातभार’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. विज्ञानातलं बहुतेक चांगलं काम हातभाराच्याच स्वरूपाचं असतं, आणि त्यासाठी कुणाच्या नावावर केलिनचा शोध चढवायची गरज नाही. प्रबंध म्हणाल तर तो जेमतेम चाळीस पानांचा होता आणि केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत त्यांनी तो दिला, असं त्यांच्या बहुतेक चरित्रांत नोंदलेलं आहे.

१९३९ मध्ये त्या परत आल्या. ही वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यातला बराच काळ विभाग उभे करण्यात गेला: दिल्लीचं लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, तिथला जैवरसायन विभाग, मग निलगिरीत कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, तिथे सहायक संचालकपद. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. पती मा. वि. सोहोनी हे विमागणितज्ज्ञ. मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे काळा घोड्याजवळच्या आपल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जैवरसायनाचा विभाग नुकताच सुरू झाला होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या.

आता वाल. या भागासाठी मी हे सगळं उत्तर लिहायला घेतलं, असं म्हटलं तरी चालेल.

प्रथिन पचवायला आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम येतं. कडधान्यांच्या बियांत अशी काही प्रथिनं असतात जी ट्रिप्सिनला घट्ट चिकटतात आणि त्याचं काम बंद पाडतात. त्यांना ट्रिप्सिन रोधक म्हणतात. बीला कीड खाऊ नये, यासाठी ती बहुधा झाडाची तरतूद आहे. कच्चं सोयाबीन खाऊन उंदरांची वाढ नीट होत नाही आणि शिजवलं की होते, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच पाहिलं होतं. १९४५ मध्ये कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला रोधक स्फटिकरूपात वेगळा केला. म्हणजे अमेरिकेत हे काम सोयाबीनवर चाललं होतं. पण आपण तेव्हा सोयाबीन कुठे खात होतो? आपल्या ताटात वाल, पावटे, चवळी, मटकी, तूर, हरभरा.

कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेमकी हीच उणीव भरून काढायला घेतली. १९५० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्या गटाने भारतीय भाज्या आणि कडधान्यं यांच्यात ट्रिप्सिन रोधक कुठे आणि किती आहेत याची पाहणी प्रसिद्ध केली. १९५५ साली वाल आणि डबल बी यांच्यातले रोधक स्फटिकरूपात मिळवल्याचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. प्रथिनाचे स्फटिक पाडणं आजही सोपं नाही. त्या काळात मुंबईच्या एका सरकारी विज्ञान संस्थेत, शीतगृह आणि अपकेंद्री यंत्र यांच्या मर्यादेत, ते करणं किती कठीण असेल याची कल्पना मला तरी आहे, कारण प्रथिन शुद्ध करताना उन्हाळ्यात वीज गेली की काय होतं हे आम्ही सगळ्यांनी भोगलेलं आहे. पुढे १९६० च्या दशकात वालातल्या हिमॅग्लुटिनिनांवर, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रथिनांवर, त्यांच्या गटाचं काम आलं. हीही कच्च्या वालातली त्रास देणारी प्रथिनं.

याचा स्वयंपाकघराशी संबंध तुमच्या श्रोत्यांना लगेच कळेल. डाळिंब्यांसाठी वाल रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सोलतात, मग शिजवतात. भिजवताना थोडा रोधक पाण्यात उतरतो, मोड येताना थोडा कमी होतो, आणि खरा परिणाम होतो तो शिजवण्याने. प्रत्येक पायरीचा वाटा किती, हे वालाच्या जातीवर आणि किती वेळ शिजवलं यावर अवलंबून आहे. त्यामुळे टक्केवारी सांगायच्या फंदात पडू नका. आणि कृपा करून ‘आपल्या पूर्वजांना ट्रिप्सिन रोधक माहीत होते’ असं म्हणू नका. अनुभवाने घडलेली रीत होती. ती का चालते हे शोधायला, ते मोजायला आणि कुठे कमी पडते हे पाहायला कमलाबाईंसारखं कुणीतरी लागलं. दोन्हींचा मान वेगवेगळा आहे आणि दोन्हींना तो द्यावा.

इथवर काय झालं ते एकदा सांगतो, कारण तुमच्या टिपणांना उपयोग होईल. बंगळूरला प्रश्न होता: डाळीत खरं प्रथिन किती? मुंबईत प्रश्न झाला: त्याच्या पचनाच्या आड काय येतं? मधलं केंब्रिज त्यांना एन्झाइमं हाताळण्याची तालीम देऊन गेलं. पुढे मुंबईत रोधक शोधताना ती तालीमच कामी आली, कारण रोधक स्वतः दिसत नाही. एन्झाइमचं काम किती मंदावलं हे मोजूनच तो कळतो.

नीरेचं काम सगळ्यात जास्त लोकांना माहीत आहे, म्हणून मी त्यावर कमी लिहितो. ताड-माड-शिंदीचा ताजा रस पहाटे उतरवला तर नीरा, काही तासांत आंबला की ताडी. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं लांबतं, कारण किण्वाला तो अल्कधर्मी रस मानवत नाही. मुंबई राज्यात दारूबंदी होती, गांधीवादी मंडळी नीरा आणि ताडगुळाचा पुरस्कार करत होती, आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेची पोषणमूल्यं तपासायला घेतली. साखरेबरोबर क जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वं आणि लोह यांचा विचार करून, कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बाया यांच्या आहारात नीरा दिल्यावर सुधारणा दिसते, असं त्यांच्या गटाने नोंदवलं. यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आज आपण हे प्रयोग अधिक काटेकोर आखणीने करू, आणि रोज नीरा पिणं सगळ्यांना सोसेल असंही नाही, त्यात साखर पुष्कळ असते. पण पोट भरण्यापुरतं न मिळणाऱ्या मुलासाठी तो हिशोब वेगळा असतो. हे काम त्या प्रश्नासाठी होतं, हे विसरू नये.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदापर्यंत त्या पोचल्या, पण ते पद त्यांना वेळेवर मिळालं नाही. संस्थेतल्या राजकारणात काही वर्षं गेली. म्हणजे १९३३ चा प्रसंग पहिला होता, शेवटचा नव्हता. मला तर हा दुसरा प्रसंग जास्त बोचतो. पहिल्या वेळी त्यांच्या नावावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या वेळी केंब्रिजची पीएचडी होती, ‘नेचर’मधले निबंध होते, त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी होते. तरीही थांबवलं गेलं. भाषणात एकच अन्याय सांगायचा असेल तर हा सांगा, तो कुणी सांगत नाही.

निवृत्तीनंतरही विषय तोच राहिला, फक्त प्रयोगशाळेबाहेर आला. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात त्या पहिल्यापासून होत्या, आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष. अन्नातली भेसळ, ग्राहकाची फसवणूक यांवर त्या सोसायटीच्या ‘कीमत’ या मासिकात लिहीत. मराठीतही विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलं. हा काळ बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात. अंगी काय लागतं हे शोधणारी बाई अंगाला काय अपाय करतं हे लोकांना सांगू लागली, त्यात मला तरी सलगता दिसते.

आता ‘पहिल्या भारतीय महिला पीएचडी’. याचं उत्तर तुम्ही सीमा कुठे आखता यावर आहे. जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची वनस्पतिशास्त्रातली डीएस्सी १९३१ साली मिळाली, म्हणजे कमलाबाईंच्या आठ वर्षं आधी. आपल्या इरावती कर्वे १९२८ मध्ये जर्मनीला गेल्या आणि बर्लिनमधून मानवशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांचा प्रबंध कवटीच्या असममितीवर होता, मोजमापांचं काम होतं, विज्ञान नाही असं कोण म्हणेल? असीमा चटर्जी यांना १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डीएस्सी मिळाली, त्या भारतीय विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. म्हणून तुम्ही ‘केंब्रिजची विज्ञानातली पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असं मानलं जातं’ इतकंच म्हणा. आणि शक्य असेल तर या चौघींची नावं एका दमात घ्या. एकीला पहिली ठरवण्यासाठी दुसरीला पुसून टाकणं या विषयाला तरी शोभत नाही.

राहता राहिले रामन. बोलावं का? जरूर बोलावं, विज्ञान दिनालाच बोलावं, पण घडलं तेवढंच सांगावं. १९३३ मध्ये रामन त्या संस्थेचे संचालक झाले होते. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी स्त्री म्हणून नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांना भेटल्या, कारण विचारलं, प्रवेश घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणाल्या. मग अटींवर घेतलं: पहिलं वर्ष परीक्षेसारखं, काम संचालकांना पसंत पडलं तरच मान्य, आणि पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली, आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. रामन यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतही नंतर ॲना मणी, सुनंदा बाई यांनी काम केलं, पण तिथला व्यवहारही बरोबरीचा होता असं म्हणता येत नाही. कमलाबाईंनी उतारवयात स्त्री वैज्ञानिकांच्या एका कार्यक्रमात जाहीरपणे सांगितलं की रामन मोठे शास्त्रज्ञ होते, पण मनाने संकुचित होते, आणि ती वागणूक त्या विसरू शकल्या नाहीत. त्यांनीच हे दोन्ही एकत्र म्हटलं असताना तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही. प्रकाशाच्या विकिरणावरचं काम त्याने लहान होत नाही, आणि त्या कामामुळे ही वागणूकही लहान होत नाही. या प्रसंगाला दोन मिनिटं द्या. जास्त दिलीत तर भाषण पुन्हा रामन यांच्यावरच होईल.

शेवटी एक सुचवतो. नुसतं बोलण्यापेक्षा करून दाखवा. तुमच्या विभागात ट्रिप्सिन असेलच. वालाचं पीठ पाण्यात कालवून गाळून घ्या. एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन हे प्रथिन आहे. फिल्मवर ट्रिप्सिनच्या द्रावणाचा थेंब ठेवून ३७ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवलं आणि कोमट पाण्याने हलकेच धुतलं की तिथला थर पचून पारदर्शक ठिपका दिसतो. ट्रिप्सिनमध्ये आधी कच्च्या वालाचं पाणी मिसळून दहा मिनिटं ठेवलं असेल तर ठिपका उमटत नाही किंवा पुसट उमटतो. तिसऱ्या थेंबासाठी ट्रिप्सिनमध्ये कुकरमध्ये शिजवलेल्या वालाचं पाणी तसंच मिसळून घ्या. चौथा नुसत्या बफरचा, तुलनेसाठी. काही सूचना: धुण्याचं पाणी गरम नको, नाहीतर सगळंच जिलेटिन निघून येईल. थेंब वाळू नये म्हणून फिल्म ओल्या गाळणकागदाबरोबर झाकलेल्या डिशमध्ये ठेवा. वापरलेल्या जुन्या फिल्मचा थर कडक केलेला असतो, तिला वेळ जास्त लागतो, आणि डिजिटल यंत्रावर छापलेली फिल्म चालेलच असं नाही, कारण तिच्यावर जिलेटिन असेलच याची खात्री नसते. वालातले काही रोधक उष्णतेला चिवट असतात, म्हणून नुसत्या पाच मिनिटांच्या उकळीने ते जातील असं धरून चालू नका. आदल्या आठवड्यात वेगवेगळ्या वेळा शिजवून एकदा करून पाहा आणि तुमच्या हातच्या वालाला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. तोच आकडा व्यासपीठावर सांगा.